लग्नाच्या दुपारची फायनल

आमच्या नॉकरू गावाची आणि नदीपलीकडच्या बॅलीमोरानची हर्लिंगची, म्हणजे आमच्याकडच्या काठी-चेंडूच्या खेळाची, फायनल बरोबरीत सुटली. आता ती पुन्हा खेळवणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण मंडळाने तारीख काढली ती नेमकी माझ्या भावाच्या, लोर्कनच्या, लग्नाची! नवरा आमच्या संघाचा हुकमी गोल मारणारा. नवरी सोर्चा बॅलीमोरानची, आणि तिचा सख्खा भाऊ कोलम त्यांचा गोलकीपर.

आईने डोक्याला हात लावला. सोर्चाच्या वडिलांनी, टाइगनी, मंडळाला फोन करकरून घसा बसवून घेतला, तरी तारीख हलेना. शेवटी सोर्चाच आमच्या स्वयंपाकघरात आली, उभ्याउभ्या चहा प्यायली आणि म्हणाली, "लग्न अकराला. मॅच तीनला. जेवण सहाला. ज्यांना रडायचंय त्यांनी मधे वेळ मिळेल तसं रडून घ्या."

"आणि तू कुणाच्या बाजूने ओरडणार?" मी विचारलं.

"ऊना, मला अजून नणंद नाहीये," ती म्हणाली. "झालीस की विचार."

चर्चमधे फादरनी प्रार्थना अशी हाकली की ऑर्गनवाल्या बाईंना धाप लागली. प्रवचनाची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "प्रेम काय असतं ते या दोघांना माहीत आहे, म्हणून तर इथे आलेत. पुढे चला." ते आमच्या संघाचे निवड समितीवाले होते.

बाहेर दोन्ही संघ सुटाबुटात समोरासमोर उभे. त्यांनी आपापल्या हर्ल्या उंच धरून कमान केली. अॅश लाकडाच्या त्या चपट्या, टोकाला रुंद होत गेलेल्या काठ्यांखालून नवरा-नवरी वाकून निघाली. शेवटची हर्ली कोलमची. त्याने ती लोर्कनच्या डोक्यावर हलकेच टेकवली.

"आत्ता जाऊ देतोय, दाजी. तीन वाजता काहीही जाऊ देणार नाही."

"तू आधी टाय सोडायला शीक," लोर्कन म्हणाला.

तीन वाजता अख्खं वऱ्हाड मैदानाच्या कडेला. टोप्या, उंच टाचा, गुडघ्यावर केकचे तुकडे. सोर्चाने पांढऱ्या झग्याखाली गमबूट चढवले होते, वर बापाचा कोट. हातात तिची स्वतःची हर्ली, कारण ती बॅलीमोरानच्या बायकांच्या संघातून खेळायची आणि चिखलात टेकायला तिला दुसरं काही सापडलं नव्हतं. ती बरोब्बर मधल्या रेषेवर उभी राहिली. डावीकडे सासर, उजवीकडे माहेर.

"लोर्कन, तोंड सांभाळ रे!" आई ओरडली. "फोटो राहिलेत अजून!"

"हेल्मेट आहे ना आई त्याला," मी म्हटलं.

"नाक जाळीतून बाहेर येतं त्याचं! बापावर गेलंय!"

आणि चेंडू उडाला. हर्लिंगमधे चेंडू दिसतो कमी आणि ऐकू जास्त येतो. काठीवर काठी खणकन आपटते, मैदानभर माणसं धावत सुटतात आणि आपण ओरडून झाल्यावर शेजारच्याला विचारतो, "गेला कुठे?" पंधरा आमचे, पंधरा त्यांचे, आणि लोर्कन प्रत्येक वेळी गोलासमोर पोचला की समोर कोलम. एकदा त्याने छातीवर घेतला, एकदा पायावर, एकदा तर चक्क पाठीवर. दर खेपेला हसून म्हणायचा, "सॉरी, दाजी!" आमचे फादर त्याला जे म्हणाले ते मी इथे सांगत नाही.

वेळ संपत आली आणि आम्ही दोन गुणांनी मागे. आडव्या दांडीवरून चेंडू मारला तर एकच गुण, त्याचं काय लोणचं घालायचं? दांडीखालून जाळ्यात घातला तरच तीन. तेवढ्यात लोर्कनने आमच्याच समोर चेंडू उचलला, त्यांचा एक बचावपटू धाडकन येऊन धडकला, आणि चेंडू मैदानाबाहेर, लोर्कनच्या हर्लीचे दोन तुकडे.

"हर्ली! हर्ली द्या!" तो ओरडला. चेंडू आम्हीच आत मारायचा होता. आमच्या जादा हर्ल्या घेऊन काका पार पलीकडच्या टोकाला. जवळ एकच हर्ली होती.

सोर्चाने तिच्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

"सोर्चा!" टाइग गरजले. "दिलीस तर घरात पाऊल ठेवायचं नाही!"

"मी सकाळीच निघाले ना बाबा घरातून!" ती म्हणाली आणि फेकली.

आम्ही नॉकरूवाले असे किंचाळलो की पलीकडच्या गाई पळाल्या. लोर्कनने ती झेलली, आत आलेला चेंडू तिच्या टोकावर तोलला आणि सुटला. एकाला चकवलं. दुसरा घसरून पडला. आता समोर फक्त कोलम.

"ये, दाजी, ये!"

लोर्कनने असा काही हाणला! कोलम आडवा उडाला. त्याच्या हर्लीचं नुसतं टोक लागलं, चेंडू उसळला आणि दांडीच्या वरून गेला. एक गुण. शिट्टी. एका गुणाने आम्ही संपलो.

आमच्या बाजूला सगळे गप्प. आणि त्या शांततेत एक आवाज, "कोलम! माझ्या वाघा! काय अडवलास रे!"

सोर्चा. गमबुटांनी उड्या मारत होती, झगा कमरेपर्यंत चिखलाने माखलेला. मग तिच्या लक्षात आलं. तिने तोंडावर हात ठेवला. अख्खं नॉकरू तिच्याकडे बघत होतं.

लोर्कन गुडघ्यांवर बसला होता. त्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता, इतका की उठता येईना. शेवटी कोलमनेच त्याला हात धरून उभं केलं.

"हर्ली आखूड पडली का, दाजी?"

"तुझ्या बहिणीची आहे. तिलाच विचार!"

सोर्चा मैदानात धावत आली आणि दोघांच्या गळ्यात एकदमच पडली. टाइग कुणी बघत नाही असं समजून डोळे पुसत होते. आई म्हणाली, "चला, सूप गार होतंय," आणि तीही हसायला लागली.

जेवणाला दोन्ही संघ तसेच आले, केसांत गवत घेऊन. चषक केकच्या शेजारी ठेवला होता. मी ठरवलं होतं, कोलमशी जन्मात बोलायचं नाही. वाजंत्री सुरू झाली तसा तो थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"नाचणार?"

"तुझ्याशी? आज?"

"दुसऱ्या कुठल्या दिवशी मी तुला आवडणार आहे का?"

मी उठले. नाचता त्याला काडीचं येत नव्हतं, पहिल्याच गिरकीला माझ्या पायावर पाय दिला. "सॉरी," तो म्हणाला, आणि मला एवढं हसू फुटलं की आम्हाला थांबावं लागलं.