एकाहत्तर

मॅडमनी वहीत पुन्हा एकाहत्तर लिहिलं आणि पेन्सिल कानामागे खोचली.

"हात ठीक, पाऊल ठीक," त्या म्हणाल्या. "परत टाक."

चाळीस फुटांवर रंगाची रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर मास्तर बसले होते. मास्तर म्हणजे टेलरमास्तर. शाळेच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. मुलीचा सराव सुरू झाल्यापासून रोज साडेपाचला ते शटर अर्धं ओढून येत, गळ्यातला टेप खिशात कोंबत आणि डाव्या हातात ग्लोव्ह चढवत. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीने चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या पट्टीवर पाय टेकला, हात खांद्यापासून पूर्ण गोल फिरवला आणि मांडीजवळून चेंडू सोडला. त्या गोल फिरणाऱ्या हातामुळेच सगळी शाळा तिला गोफण म्हणे. चेंडू थप्पकन ग्लोव्हमध्ये बसला. ग्लोव्ह जागचा हललाही नाही.

"नेम बघा, मॅडम," मास्तर म्हणाले. "सुईत दोरा ओवावा तसा."

"नेमाला कोण नावं ठेवतंय? वेग अडलाय."

वेग मोजायच्या गनवर आकडा उमटला होता. एकाहत्तर.

निवड चाचणी अकरा दिवसांवर होती. वीस चेंडू टाकायचे, त्यातले बारा फलंदाजाच्या गुडघ्यापासून काखेपर्यंतच्या चौकटीत हवेत, आणि त्या बारांपैकी निदान आठ ताशी शहात्तर किलोमीटरच्या वर. मॅडम त्या शाळेत सॉफ्टबॉल शिकवत. एके काळी त्या स्वतः पिचर होत्या, आणि तेव्हा दुखावलेला उजवा खांदा अजून त्यांना वरच्या फळीवरचा डबा काढू देत नसे. मुलींनी हात चुकीचा फिरवून वेग काढू नये म्हणून त्या सगळं मोजत. पुढचं पाऊल किती लांब पडतं याची खडूने खूण करत, मागचा पाय मातीत कशी रेघ ओढतो ते वाकून बघत. तीन आठवडे त्यांनी गोफणीचं पाऊल लांबवलं, तिला गुडघ्यावर बसवून मनगटाचा झटका घोटून घेतला, ओला टॉवेल फिरवायला लावला. खडूच्या खुणा पुढे सरकल्या. आकडा सरकला नाही.

गुरुवारी मास्तर आले नाहीत. गणवेशांचे चाळीस नग त्याच संध्याकाळी द्यायचे होते.

"बाबा म्हणाले, पाऊण तासात येतो," गोफण म्हणाली.

"मग जाळीवर टाक तोवर."

पहिला चेंडू जाळीच्या वरच्या दोरीला लागून मागे उडाला. मॅडमनी गनकडे पाहिलं, ती तळहातावर आपटली, पुन्हा पाहिलं. एकोणऐंशी.

"अजून एक."

अठ्ठ्याहत्तर. मग ऐंशी, पण तो जमिनीत. दहा चेंडूंत चारच चौकटीत गेले, आणि एकही शहात्तरच्या खाली नव्हता. मॅडमनी आकडे लिहिले. पाऊण तासाने मास्तर धापा टाकत आले, शर्टावर पांढरे धागे, आणि बादलीवर बसले.

एकाहत्तर. एकाहत्तर. बहात्तर. एकाहत्तर.

मॅडम गन घेऊन बाजूने उभ्या होत्या. इतके दिवस ती फक्त मुलीकडे रोखलेली होती. बादलीवर कोण बसलंय याची नोंद त्यांच्या वहीत कुठेच नव्हती. मुलीचं पाऊल त्यांनी पुन्हा मोजलं. मघाइतकंच लांब होतं. हातही तितक्याच झपाट्याने फिरत होता. फरक कुठे पडत होता ते त्यांना दिसेना, आणि हे त्यांना सगळ्यात जास्त खटकलं.

सराव संपल्यावर मास्तर नळावर हात धुवायला गेले. त्या आणि गोफण चेंडू वेचू लागल्या.

"बाबा बसले की काय होतं?"

"काही नाही."

"काही नाही कसं? आठ किलोमीटर कमी होतात."

गोफणीने चेंडू पिशवीत टाकला, मग तोच बाहेर काढून त्याची शिवण बघू लागली.

"सुट्टीत एक चेंडू त्यांच्या अंगठ्यावर बसला," ती म्हणाली. "डाव्या. ते म्हणाले, काही झालं नाही. मग आठ दिवस काजं आईनेच केली. गिऱ्हाइकांना सांगितलं, मशीन बिघडलंय."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगेल? घर दोन खोल्यांचं आहे."

मॅडमनी हातातला चेंडू पिशवीत टाकला.

"मी वेग सोडला नाही," मुलगी घाईने म्हणाली. "थोडाच कमी केला. त्यांना झेलता येईल इतका."

"आणि तो किती, हे कसं ठरवलंस?"

"आवाजावरून. जास्त झाला की ग्लोव्ह वेगळा वाजतो." मग ती हळूच म्हणाली, "त्यांना सांगू नका. बादली सोडायला लावलीत तर ते येणंच बंद करतील."

मॅडमनी पिशवीचा बंद ओढला. त्या मनात तीन आठवड्यांचे आकडे परत वाचत होत्या. एवढ्या नेमक्या आकड्यांना त्यांनी अडणं म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुकानात गेल्या. मास्तर काज करत होते. कापड डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात धरलेलं, अंगठ्याचं नख अर्धं काळं.

"मास्तर, बादलीवरून उठावं लागेल."

सुई थांबली. "माझं काही चुकतंय का?"

"नाही. चाचणीत तिचे चेंडू झेलायला परकी कॅचर असणार. तुमच्या ग्लोव्हची सवय मोडायला हवी."

ते खरं होतं. फक्त सगळं नव्हतं. मास्तरांनी काज पूर्ण केलं, दोरा दाताने तोडला.

"म्हणजे घरी बसू?"

"घरी कशाला? काम आहे. जाड कॅनव्हासचा पडदा हवाय. मध्ये चौकट कापलेली, फलंदाजापुढे जमिनीत बसवलेल्या प्लेटच्या रुंदीची. खालची कड फलंदाजाच्या गुडघ्याशी, वरची काखेशी. चेंडू आरपार गेला तर खरा, कापडाला लागला तर खोटा."

"कोणत्या फलंदाजाच्या?"

"कोणत्याही."

"कोणत्याही मापाचं मी काही शिवत नाही, मॅडम," मास्तर म्हणाले, आणि टेप गळ्यात टाकला. "तुमच्या सगळ्यांत बुटक्या मुलीला पाठवा."

शनिवारी पडदा दोन खांबांमध्ये उभा राहिला. चौकटीच्या कडांना दुहेरी शिलाई आणि चामड्याची पट्टी होती. मास्तर वही घेऊन मॅडमशेजारी उभे राहिले. पहिल्या दिवशी वीसपैकी सहा गेले, बाकीचे कॅनव्हासवर धाडधाड आपटले.

"जरा हळू टाकू का?" गोफणीने विचारलं.

"अजिबात नाही. वर जातोय म्हणजे उशिरा सुटतोय. वेगाला हात लावू नकोस, सुटायची जागा बदल."

मॅडमनी तिच्या पायापासून प्लेटपर्यंत खडूची सरळ रेघ ओढली. पाऊल रेघेबाहेर पडलं की चेंडू बाजूला जाई. रविवारी आठ. सोमवारी पुन्हा सहा, आणि त्या दिवशी ती चेंडू न वेचताच घरी गेली. मंगळवारी नऊ. मास्तर आकडे आपल्या मापाच्या वहीतल्यासारखे लिहीत, छाती-कंबरेसारखे एकाखाली एक.

रोज शेवटी मॅडम तिला जवळ बोलावत.

"आता पाच एकाहत्तर."

"ते कशाला?"

"टाक. हात तसाच फिरला पाहिजे. मला फरक दिसता कामा नये."

ते पाचही दरवेळी चौकटीतून जात. मास्तर विचारत, "दमली का?" मॅडम म्हणत, "लिहा."

चाचणीच्या मैदानावर तीन निवडकर्ते टेबलामागे बसले होते. पंधरा चेंडू नुसत्या कॅचरसमोर झाले. नऊ चौकटीत, सगळे सत्त्याहत्तरच्या वर. शेवटच्या पाचांना एक उंच, दणकट मुलगी बॅट घेऊन उभी राहिली. सोळावा आत गेला. सतरावा बाहेर. अठरावा आत, आणि बॅटचा काठ घासून मागे गेला. एकोणिसावा जमिनीत.

अकरा. कुंपणापाशी मॅडमशेजारी मास्तर दोन्ही हात मागे बांधून उभे होते. दणकट मुलीला आता वेग सापडला होता. तिने बॅट आधीच मागे नेली.

गोफणीने चेंडू बोटांत फिरवला. एकदाच कुंपणाकडे बघितलं. मग पाय टेकला आणि हात पूर्ण झपाट्याने फिरवला.

बॅट हवेत गोल फिरून आली. चेंडू अजून वाटेतच होता. तो सावकाश, मधोमध आला आणि थप्पकन ग्लोव्हमध्ये बसला. ग्लोव्ह जागचा हलला नाही.

गनजवळच्या माणसाने आकडा सांगितला, "एकाहत्तर." टेबलामागच्या बाईंनी कागदावर खूण केली आणि बाराच्या आकड्याभोवती गोल काढला. मग त्या उठून मॅडमपाशी आल्या.

"हा शेवटचा कोणी शिकवला हिला? मोठ्या मुलींनाही लवकर जमत नाही. हात वेगाचा आणि चेंडू असा."

"तिच्या वडिलांनी," मॅडम म्हणाल्या.

मास्तर हसले. "मी कुठला शिकवतोय, बाई? मी नुसता बादलीवर बसायचो. ती टाकायची, मी झेलायचो. रोज असाच यायचा..."

ते बोलता बोलता थांबले. गोफण जवळच खाली बसून बुटाची नाडी बांधत होती. बांधून झालेली नाडी तिने सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. मास्तरांनी डावा हात पाठीमागून पुढे घेतला, अंगठ्याकडे पाहिलं, आणि तो मुठीत मिटला.

"चल," ते म्हणाले. "पिशवी दे इकडे."