निवटीचे पंख

सुमात्राच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्या गावात ओहोटी लागली की समुद्र दिसेनासा व्हायचा आणि नजर जाईल तिथवर चिखल उघडा पडायचा. बायका लांब फळीवर एक गुडघा टेकून, दुसऱ्या पायाने रेटा देत शिंपले वेचायला जायच्या. हलीजाचे दोन्ही पाय लहानपणापासून लुळे. ती ओट्यावर बसून निवट्या, म्हणजे चिखलावर चालणारे ते छोटे मासे, बघत राहायची.

प्राण्यांकडे बघून काहीतरी बनवा, असं युस्नीदारबाईंनी वर्गाला सांगितलं, तेव्हा हलीजा म्हणाली की निवटीला तरी पाय कुठे असतात, पुढच्या दोन पंखांवर ती सरसर जाते; मग मला का जमू नये? बाईंनी ते उचलून धरलं. मुलांनी खपून प्लायवूडचे दोन पंख कापले. ते मनगटांना दोरीने बांधायचे, फळीवर पालथं पडायचं आणि हातांनी ओढत जायचं. आधी मी जाऊन बघते, असं बाई म्हणाल्या. हलीजा रुसली, पण बाई ऐकेनात.

सुरुवातीला फळी झकास सरकली. हलीजा आणि मुलं थांबली होती तो बोटींचा धक्का बराच मागे पडला, तेव्हा उजवा पंख रुतला. तो उपसायला बाईंनी डाव्यावर जोर दिला, तर तोही गेला, कोपरापर्यंत. दोरी भिजून आवळली होती आणि गाठी चिखलाखाली होत्या. ओढावं तसा चिखल आणखी घट्ट धरत होता.

एक मुलगा धक्क्यावरून खाली उतरायला लागला.

"कुणीही चिखलात पाय टाकायचा नाही," बाई ओरडल्या. "हलीजाच्या आईला बोलवा, फळी घेऊन."

मग नुसतं पडून राहणं. पाठीवर ऊन, गाल फळीला चिकटलेला. नाकावर माशी बसली, ती उडवता येईना. दूरवर भरतीच्या पाण्याची रेघ चकाकत पुढे येत होती. हलीजा दिवसचे दिवस एका जागी कशी काढते, हे त्यांनी आजवर मनावर घेतलंच नव्हतं.

तोंडासमोरच एक निवटी चालत होती. दुसरं बघण्यासारखं काही नव्हतंच. पंख पुढे नेताना ती मिटून घेत होती, आणि रेटा देतानाच पसरत होती.

"हलीजा, ती पंख मिटते गं. आपले मिटत नाहीत."

"कुठून मिटते, बाई?" धक्क्यावरून आवाज आला.

"मधून!"

"नीट बघून ठेवा."

हलीजाची आई रोमला फळीवरून आली, तेव्हा पाणी बाईंच्या हनुवटीला लागलं होतं. तिने चिखलात हात घालून सुरीने दोऱ्या कापल्या. पंख आतच राहिले.

"हे माझ्या पोरीला बांधणार होता ना?" एवढंच ती बोलली.

रोमलाने लेकीचं शाळेत येणं बंद केलं. हलीजा ओट्यावरही दिसेना. बाई रोज त्यांच्या घरी जायच्या आणि पायरीवरूनच परत यायच्या. शेवटी एका दुपारी रोमलाच शाळेत आली आणि सायकलची फाटकी ट्यूब टेबलावर टाकून उभी राहिली.

"पोरगी धड जेवत नाही. म्हणते, पंख मधून कापून तिथे हे रबर लावा, म्हणजे मिटेल. पण गाठ मी बांधणार, हिसक्यात सुटणारी. आणि फळीला दोर लावायचा, टोक माझ्या हातात."

नवे पंख तयार झाले त्या ओहोटीला हलीजा फळीवर पालथी झाली. जेमतेम दोन हात सरकली आणि अडकली. रोमलाने तिला ओढून आणलं. चिखलाने माखलेलं तोंड वर करून हलीजा म्हणाली, "डावा उशिरा मिटतो, बाई. ट्यूब जरा आखूड करा."

बाई खाली बसून कापायला लागल्या.