एकशे चौदावी पुडी

“ताई, तो तरुण आहे का हो म्हातारा? एवढं कळतं का त्यातनं?”

वनरक्षकमामा दारातूनच विचारत होते. चिखलाचे बूट बाहेर काढलेले, टोपी काखेत, चेहरा नुसता फुललेला. संग्रहालयाच्या जनुक-प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं नळ्या हलवतेय, बोलण्यात कुणाला हार जात नाही. पण त्या सकाळी मी नुसती खुर्ची पुढे सरकवली.

“बसा तरी आधी,” मी म्हटलं.

झालं होतं असं. नदीच्या वरच्या वळणावर पाणमांजरं राहायची. त्यांचा विष्ठेचा दगड ठरलेला असतो. मामा तिथून ती कागदाच्या पुडीत बांधून आणतात आणि मी त्यातून जनावर कुठलं, नर की मादी, ते काढते. चार वर्षांत एकशे तेरा पुड्या आल्या. सगळ्याच्या सगळ्या एकाच मादीच्या. वरून हुकूम आला होता की महिनाअखेरीपर्यंत दुसरं जनावर सापडलं नाही तर वळणावरचा पहारा उठवायचा. पहारा उठला की वाळूवाले उतरणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

आणि गेल्या आठवड्यात एकशे चौदावी पुडी निघाली नराची! अहो, मी खुर्चीतून उडालेच. पुन्हा तपासल्याशिवाय निकाल बाहेर सांगायचा नाही, हा आमचा पहिला नियम. पण माझी जीभ कुठली आवरतेय? लावला मामांना फोन. पहिलं म्हणाले काय, “घरी सांगू का?”

“खुशाल सांगा!” म्हटलं मी. जळली मेली ती जीभ.

दुसऱ्यांदा तपासलं, तर मादी. तिसऱ्यांदाही मादी. आमच्या प्रमुख मॅडमनी माझी कामाची वही उघडली आणि शांतपणे विचारलं, “त्या सकाळी जुनी कातडी कुणी हाताळली?”

मीच. खालच्या दालनात नव्वद वर्षांपूर्वीचं पेंढा भरलेलं पाणमांजर आहे. ताडून बघायला त्याच्या पंजाची कातडी खरवडली होती. जुन्या कातडीला वेगळी खोली, वेगळा कोट. तो कोट धुवायला गेलेला, म्हणून मी रोजचाच चढवला आणि तसाच घालून पुढे पुडी उघडली. बाहीवरची धूळ नळीत पडली. नराच्या खुणा त्या पेंढ्याच्या जनावराशी तंतोतंत जुळल्या. याच चुकीवरून मी नव्या लोकांना फाडून खात आले होते.

मामांना हे एका दमात सांगितलं. “ओरडा माझ्यावर,” मी म्हटलं.

ते ओरडले नाहीत. म्हणाले, “दाखवता त्याला?”

खाली नेलं. काचेमागे तो एक पंजा उचलून उभा होता. एका बाजूच्या मिशा झडलेल्या. मामा गुडघ्यांवर हात ठेवून वाकले.

“चांगला दांडगा होता की,” ते म्हणाले. मग सरळ होत, “म्हणजे ती एकटीच.”

“एकटीच, मामा.”

“रोज येते हो दगडावर. दुसऱ्या कुणाला वास जावा म्हणूनच करतात ना?”

“हो.”

“मला वाटलं, चला, कुणी तरी आलं तिला.”

मला तिथेच रडू फुटलं. तिकीटवाली बाई बघत होती. बघू दे.

“पहारा उठणार मग?” त्यांनी विचारलं.

“दुपारी मॅडमचा अहवाल जाईल. खरं तेच लिहावं लागणार.”

“लिहावंच लागतं,” मामा म्हणाले. “घरी सांगायला नको होतं, एवढंच.”

वर आल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून पुडी काढली. पहाटेची, अजून ओलसर. प्रत्येक पुडीवर तारीख आणि दगडाची जागा ते लिहितात. नर की मादी, हा रकाना माझ्यासाठी मोकळा सोडतात. चार वर्षांत एकदाही त्यांनी त्याला हात लावला नव्हता.

“पेन देता?” त्यांनी मागितलं.

टेबलावर वाकून, सावकाश, गोल अक्षरात त्यांनी त्या रकान्यात लिहिलं: मादी. मग पुडी माझ्या हातात दिली आणि बूट घालायला बाहेर गेले.

मी ती न उघडताच फ्रीझरमध्ये ठेवली.