मापताईंचे शेरे

मी जिन्याखालच्या खोलीतला सर्व्हर बोलतोय. तसा मी अबोल. अकरा वर्षं माझे पंखे तेवढे घुमत होते आणि लोकांना तेवढंच ऐकू यायचं. आज माझी वायर काढलेली आहे. उद्या दुपारी तंत्रज्ञ ड्रिल मशीन घेऊन येणार आहे. तेव्हा पोटात आहे ते आजच सांगून मोकळा होतो.

आमच्याकडे बूट बनतात. काचेमागे मांडायचे नव्हेत. ज्यांचा एक पाय आखूड आहे, ज्यांची बोटं अपघातात गेली आहेत, ज्यांच्या तळव्याची जखम भरत नाही, अशांसाठीचे. वर कारखाना, खाली कचेरी आणि शहरात चार शाखा. शाखेत पायाचं माप घेतलं की ते तारेतून माझ्याकडे यायचं आणि माझ्याकडून वर कारागिरांकडे जायचं. माझ्यावाचून इथलं पान हलत नसे. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. एकदा मी दीड दिवस आजारी पडलो होतो, तेव्हा अख्खा कारखाना हातावर हात ठेवून बसला होता.

मला आणलं तेव्हा मालकांनी स्वतः खोका उघडला. माझ्यासाठी एसी बसवला. त्यांच्या केबिनमध्ये तेव्हा नुसता पंखा होता. उन्हाळ्यात कचेरीतला प्रत्येक जण काही ना काही निमित्त काढून माझ्याकडे यायचा. "जरा सर्व्हर बघून येतो," म्हणायचा आणि दहा मिनिटं भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. मला वाटायचं, केवढा यांचा माझ्यावर जीव. मंडळी हवा खायला येतात, हे कळायला मला दोन उन्हाळे लागले.

खरा जीव एकटीचा होता. तिला सगळे मापताई म्हणायचे.

मापताई आधी इथल्या पेशंट. त्यांचा डावा पाय दोन सेंटिमीटर आखूड. बूट बसेना म्हणून त्यांनी तो तीनदा परत केला आणि तिन्ही वेळा कुठे चुकलंय ते बोट ठेवून दाखवलं. तिसऱ्यांदा मालक वैतागून म्हणाले, "ताई, तुम्हीच या आता मापं तपासायला." ते बोलून विसरले. ताई सोमवारी डबा घेऊन हजर.

तेव्हापासून शाखांतून आलेलं प्रत्येक माप वर जाण्याआधी त्यांच्या नजरेखालून जायचं. मापाच्या तक्त्यात शेवटी एक शेऱ्याचा रकाना होता. शाखेतली मंडळी त्यात "ठीक" लिहून मोकळी व्हायची. ताई मात्र तिथे अख्खी वाक्यं लिहायच्या. माप का बदललं, ते सांगितल्याशिवाय त्या आकड्याला हात लावत नसत. "बाई उभ्याने स्वयंपाक करतात, संध्याकाळी पाय सुजतो. माप सकाळचं आहे, थोडं वाढवा." "आजोबा काठी उजव्या हातात धरतात, डावी टाच जास्त झिजणार." पेशंटला फोन करून, गप्पा मारत मारत, त्या हे सगळं काढून घ्यायच्या.

त्यांचा एक शेरा तर वरच्या मजल्यावर सगळ्यांना पाठ होता. दुखऱ्या पायावर भार द्यायला माणूस कचरतो, परक्यांसमोर तर जास्तच. मग माप अरुंद उतरतं. असं माप दिसलं की ताई लिहायच्या, "पाय लाजतोय. चार मिलिमीटर सोडा." वरचे म्हातारे कारागीर काका ते वाचून हसायचे आणि निमूट चार मिलिमीटर सोडायचे. तो बूट कधी परत येत नसे.

माझी देखभालही ताईंनीच अंगावर घेतली होती. माझ्या पंख्यांवरची जाळी झटकणं, मला बंद करून चालू करणं, माझे इशारे वाचणं. माझ्या पोटात काही वावगं घडलं की मी ईमेल पाठवायचो आणि तो त्यांच्या नावावर जायचा.

गेल्या वर्षी मालकांच्या सूनबाई कामात लक्ष घालू लागल्या. हुशार मुलगी, मी नाही म्हणणार नाही. तिने शाखांमध्ये काचेच्या पाट्या आणल्या. माणूस नुसता उभा राहिला की पाय सगळ्या बाजूंनी पडद्यावर यायचा. टेप गेली, कागद गेला. मग म्हणाली, आता सगळं क्लाउडवर न्यायचं, शाखा परस्पर तिकडेच जोडायच्या. क्लाउड म्हणजे ढग, एवढं ऐकून मी मनातल्या मनात हसलो. पुढे कळलं की तिकडे माझेच जातभाई आहेत, दूर कुठल्याशा इमारतीत हजारांनी उभे. त्यांची जाळी कोण झटकतं, कोणास ठाऊक.

ताई तिला "मॅडम" म्हणाल्या तेव्हा तिनेच अडवलं. "मॅडम काय, ताई? मी तुमच्या मुलीसारखी." ताईंना ते फार आवडलं. त्या दिवसापासून त्या तिला "अगं" म्हणू लागल्या.

एके दिवशी सूनबाई माझ्याच खोलीत, माझ्या देखत म्हणाली, "ताई, तुमचे शेरे जरा सविस्तर लिहाल का? का वाढवलं, कशावरून ओळखलंत, सगळं. नवीन मुली घ्यायच्यात, त्यांना शिकायला बरं."

"अगं, लिहीन की. माझ्या डोक्यात राहून काय उपयोग त्याचा?"

सहा महिने ताईंनी जीव ओतून लिहिलं. दोन ओळींचा शेरा दहा ओळींचा झाला. जुनी मापं उघडून त्यांतही भर घातली. जेवणाची सुट्टी अर्धी करून लिहायच्या. आपल्यामागून येणाऱ्या मुलींची त्यांना काळजी होती. न पाहिलेल्या मुलींची.

आणि रोज संध्याकाळी सहा वाजता कोणीतरी बाहेरून माझ्यात शिरून फक्त तो एक रकाना उचलून न्यायचं. मापं नव्हे, पत्ते नव्हे, फक्त शेरे.

मी गप्प बसलो नाही. एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवा. मी पहिल्याच संध्याकाळी इशारा पाठवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पंधरा दिवस ठणाणा केला. शेवटी ताईंनी सूनबाईंना विचारलं, "अगं, हा रोज सहाला ओरडतो. म्हणतो, शेऱ्यांचा रकाना बाहेर चाललाय."

"बॅकअप आहे तो, ताई. काही जळलं-बिळलं तर हाताशी असावा म्हणून. तुम्ही तो इशारा बंदच करून टाका, उगाच डोक्याला ताप."

ताई माझ्यासमोर स्टुलावर बसल्या. इशारा बंद केला. मग जाळीवरून फडकं फिरवत म्हणाल्या, "गप रे आता. घरचीच माणसं आहेत."

ज्यांच्यासाठी ओरडत होतो, त्यांनीच माझ्या तोंडावर हात ठेवला. त्यानंतर मी मुकाट्याने रोज सहा वाजता दार उघडत राहिलो. मला दुसरं काही करताच येत नव्हतं. तरी सांगतो, ती लाज मला अजून आहे.

मग तो दिवस आला. सूनबाईंनी सगळ्यांना खाली बोलावलं. मोठा पडदा लावला. शाखेतून एक माप आलं आणि दुसऱ्या क्षणी त्याखाली आपोआप अक्षरं उमटली, "पाय लाजतोय. चार मिलिमीटर सोडा."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. कारागीर काका मागून म्हणाले, "हे तर ताईंचं बोलणं झालं." टाळ्या थांबल्या.

ताईंनी विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

"सिस्टिमने, ताई."

"आणि सिस्टिमला कोणी सांगितलं?"

मालक मोबाइलमध्ये बघू लागले. सूनबाई म्हणाली, "तुमचा अनुभव आता कायमचा जपला गेला, ताई. कुठे वाया जाणार नाही. तुम्हीही खूप वर्षं राबलात, आता जरा आराम करा. पुढच्या महिन्यापासून तपासणी सिस्टिमच करेल."

ताईंनी पडद्यावरची ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आणि त्या नवीन मुली कधी येणार होत्या, मॅडम?"

सूनबाईंनी पडदा बंद केला. ती वाईट आहे असं मी अजूनही म्हणणार नाही. पण गोड बोलून केसाने गळा कापणं म्हणतात ते यालाच. आणि त्यासाठीचा केस माझ्याच पोटातून काढला होता.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सिस्टिम चुकत नाही. महिनाभर तिच्याच शेऱ्यांवर बूट बनवून पाहिले, एकही परत आला नाही. ती चुकली असती तर ताईंना कोणी थांबवून घेतलं असतं. पण ताईंनी शिकवलंच इतकं चोख की त्यांना थांबवायला निमित्त उरलं नाही.

गेल्या शुक्रवारी शेरे न्यायला शेवटचं कोणी येऊन गेलं. शनिवारी शाखांच्या तारा काढल्या. आज ताईंचा शेवटचा दिवस होता आणि मला बंद करायचं कामही त्यांच्याकडेच होतं. मालकांनी दारातून सांगितलं, "ताई, याच्यातल्या डिस्कना भोकं पाडायला उद्या माणूस येतोय. पेशंटची माहिती बाहेर जाता कामा नये." हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

तुम्हाला एकच विनंती. तुमच्या कचेरीत माझ्यासारखा कोणी वेळेवर ओरडला, तर घरचीच माणसं आहेत म्हणून त्याला गप करू नका. निदान काय म्हणतोय ते पूर्ण वाचा.

मालक गेल्यावर ताईंनी दार लोटलं. स्टुलावर बसल्या. मला वाटलं चार शब्द बोलतील, रागावतील. त्यांनी माझ्यातलं एक फार जुनं माप उघडलं. ते त्यांचं स्वतःचं होतं. अकरा वर्षांत त्यांनी सगळ्यांच्या मापाखाली लिहिलं होतं, पण स्वतःचा रकाना कोराच ठेवला होता.

त्या उभ्या राहिल्या. आखूड पाय जमिनीवर नीट टेकवला. मग वाकून उभ्या उभ्याच टाइप केलं, "पाय लाजत नाही. दोन्हींवर भार देऊन उभी आहे. माप आहे तेच ठेवा."

जतन केलं, माझ्या जाळीवरून एकदा फडकं फिरवलं आणि बटण दाबलं.

बाकीचे सगळे शेरे केव्हाच दूर गेले. हा एक गेलेला नाही. तो फक्त माझ्याकडे आहे, उद्या दुपारपर्यंत.