गेंदाच्या जटा

जयसिंहराव सरदारांच्या गेंदा कुत्र्यानं केस कापायला आलेल्या न्हाव्याचा हात चावून फोडला आणि उद्या सकाळी त्याला गोळी घालायची असं ठरलं. सुलोचनाबाईंना हे कळलं तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. पोळपाट तसाच टाकून, फणी-तेल-कात्रीची पिशवी उचलून त्या निघाल्या.

बत्तीस सालची गोष्ट. बाईंचे यजमान रिसाल्यात होते. त्यांच्या घोड्यांचा खरारा करता करता बाईंच्या हाताला जनावर कळू लागलं. यजमान गेले, आणि बाई लष्करातल्या बड्या घरची कुत्री न्हाऊ घालू लागल्या. कुणाच्या शेपटीला गोंडा ठेवायचा, कुणाच्या पायांची झालर कापायची, दसऱ्याला पांढऱ्या कुत्रीच्या पंजांना मेंदी लावायची, हे सगळं त्यांचं डोकं. धाकटे दीर विश्वासराव म्हणायचे, "वहिनी, घराण्याचं नाव घालवलंत." त्या म्हणायच्या, "नाव तुम्ही सांभाळा, भाऊजी. तुम्हाला दुसरं काम तरी काय आहे?"

सरदारांच्या अंगणात गेंदा दोन दोरांनी खांबाला जखडलेला होता. पावसाळाभर झाडीत हिंडून त्याच्या लांब पिवळ्या केसांत गोखरूचे काटे अडकले होते, कानांमागे जटा झाल्या होत्या. सईस रामदीन लांबूनच ओरडला, "बाईसाहेब, पास मत जाइए, काट खाएगा!"

"दोर सोड."

"माझा हुकूम नाही," ओट्यावरून जयसिंहराव म्हणाले. शेजारी विश्वासराव पान लावत बसलेले.

"मग द्या हुकूम. चौघांनी धरून तुमची हजामत केली तर तुम्ही काय पाया पडाल, सरदार?"

रामदीननं हसू दाबायला तोंडाला पंचा लावला. सरदारांनी बंदूक मागवून मांडीवर घेतली. "सोड रे. पण पुन्हा चावला तर उद्याची वाट बघणार नाही."

गेंदा भिंतीला चिकटून गुरगुरत राहिला. बाई चार हात लांब, जमिनीवरच बसल्या. डोक्यावरचा पदर काढला, अंबाडा सोडला, आणि फणी घेऊन स्वतःचेच केस विंचरू लागल्या.

विश्वासराव ताडकन उठले. "वहिनी! परपुरुषांसमोर केस मोकळे?"

"डोळे तुमचे आहेत ना? मिटा."

फणी हळूहळू फिरत होती. गुंता आला की तेलाचं बोट, मग फणी. गेंदाचं गुरगुरणं थांबलं. तो सरकत आला, फणी हुंगली, बाईंचे केस हुंगले. बाईंनी तीच फणी त्याच्या पाठीवरून फिरवली. मग कानामागे तेल, आणि एकेक गोखरू बोटांनी. कात्रीला हातही लावला नाही. जटेखालची कातडी पिकलेली होती. शेवटच्या काट्याला गेंदानं बाईंचं मनगट दातांत धरलं.

सरदारांनी बंदूक उचलली.

बाईंनी हात ओढला नाही. "दुखतंय रे, कळलं मला. एवढा एकच." दात सैल पडले. बाईंनी रक्ताळलेला काटा तळहातावर धरून ओट्यासमोर नेला. "हा चावला तुमच्या न्हाव्याला. घाला गोळी."

जयसिंहरावांनी बंदूक रामदीनकडे दिली. मग ते म्हणाले, "दर आठवड्याला येत चला. मागच्या दारानं या, लोक उगाच बोलतात."

"पुढच्या दारानं आले, पुढच्याच दारानं येईन. नाहीतर तुमचा न्हावी बोलवा."

सरदार गेंदाकडे बघत राहिले. "बरं. पुढच्या."

"आता दुसरा कान. कोमट पाणी लागेल." बाई पुन्हा खाली बसल्या. "भाऊजी, उभेच आहात, तर तुम्हीच आणा."

विश्वासरावांनी सरदारांकडे पाहिलं. सरदारांनी मान वळवली. विश्वासराव पाणी आणायला गेले.