वखारीचं गाऱ्हाणं

मालवण बंदरावरची मिठाची जुनी वखार पडायची वाचली ती भक्तीमुळे. मुंबईच्या गुंतवणूकदारांना तिनं पटवलं, की परतावा बेताचाच घ्या, पण या दगडी भिंती राखा आणि कलाकारांना परवडेल अशा भाड्यानं खोल्या द्या. ते कबूल झाले. अट एकच, खोली रिकामी पडता कामा नये.

आता जागेच्या राखणदार देवाला नारळ दिल्याशिवाय आपल्याकडे दार कोण उघडतं? सगळ्यांच्या वतीनं त्याच्यापुढे मागणं मागायला, गाऱ्हाणं घालायला, म्हातारा बाबली आला.

"काय मागू, बाय?"

"हंय इलेलो कोणच सोडून जाव नये, इतक्याच मागा," तारकर्लीची भक्ती म्हणाली.

बाबलीनं तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि तेच मागितलं. जमलेले सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!"

खोल्या भरल्या. चित्रकार मितेश गणपतीला घरी निघाला आणि पिशवीसकट परत आला. एसटीत बसलो होतो, एवढंच त्याला आठवत होतं. आई आजारी म्हणून मूर्तिकार संचिता निघाली, तीही रडत परतली. भक्ती म्हणाली, जागेचा लळा लागतो.

मग गुंतवणूकदारांना ही खुशखबर सांगायला ती स्वतः मुंबईला निघाली. रिक्षा कुडाळच्या रस्त्याला लागली. समुद्र पाठीमागे राहायला हवा होता, तो पुन्हा समोर आला. वखारीच्या प्रत्येक खिडकीतून कलाकार मुकाट तिच्याकडे बघत होते.

गाऱ्हाणं घातल्या दिवसापासून बाबली पायरीवरच बसून होता.

"गाऱ्हाणा फिरवा," ती कळवळून म्हणाली.

"माका तरी घराक खंय जावक गावता? बाय, सगळ्यात मोठ्यान 'व्हय म्हाराजा' तुयाच म्हटललंस मा?"