तळव्यांचा वैद्य

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की नागपूरच्या वेशीवरच्या वाडी गावात दिगंबरकाकांच्या मागच्या अंगणातून राळेचा वास यायला लागे. तापल्या तिळाच्या तेलात राळेची पूड विरघळताना जो उग्र, कोंदट, नाकाच्या शेंड्यावर ठाण मांडून बसणारा दर्प सुटतो, तो त्या घरापुरता हेमंत ऋतूचा अग्रदूत होता. बाहेर अमरावती रोडवर ट्रक धूळ उडवत असत, गोदामांच्या पत्र्यांवर कोवळं ऊन तिरपं पसरलेलं असे, आणि काका पाटावर मांडी घालून पितळी पातेल्यात पळी फिरवत असत. पळी काठाला लागून टणत्कार होई. त्या टणत्कारात यज्ञ चालवणाऱ्या पुरोहिताचा सगळा अहंकार एकवटलेला असे. मला तो वास कधी आवडला नाही. खरं सांगायचं तर मला काकाही कधी आवडले नाहीत.

माझ्या वडिलांचे हे धाकटे भाऊ. एका सरकारी कचेरीत आयुष्यभर टेबलामागे बसून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसं देवळात जातात, नातवंडं खेळवतात, नाहीतर चौकात बसून सरकार पाडतात. काकांनी टाचांच्या भेगांचं शास्त्र हाती घेतलं. हे शास्त्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे त्यात त्यांना शंकाही नव्हती. त्यांच्या स्वतःच्या टाचा लोण्यासारख्या मऊ होत्या, कारण त्या टाचांनी उभ्या जन्मात कधी ओट्यासमोर तास काढला नव्हता, की तापलेल्या गच्चीवर पापड वाळत घातले नव्हते. पण पाहुणा आला, की चहाच्या आधी उजवा पाय डाव्या गुडघ्यावर चढे, टाच पाहुण्याच्या तोंडासमोर येई आणि प्रश्न येई, "पाह्य पोरी, आहे का एक तरी रेघ?" मी नाही म्हणायचे. समोर टाच असताना दुसरं काय म्हणणार.

ऋतुचक्र त्यांच्याकडे टाचांवरून फिरत असे. हेमंतात राळ, मेण आणि तेल. शिशिरात काळं पडलेलं केळं कुस्करून त्याचा लेप. नागपूरच्या मे महिन्यात, जेव्हा घरातली फरशीसुद्धा पायाला चटका देते, तेव्हा कोरफडीचा गर आणि दह्यावरची साय. पावसाळ्यात बोटांमधल्या चिखल्यांवर हळद आणि कडुलिंबाचा पाला. प्रत्येक उपाय सांगताना त्यांचा उजवा हात हवेत उठे, तर्जनी आणि अंगठा एकमेकांना टेकत, आणि डोळे अर्धवट मिटत. दुकानातल्या मलमाची ट्यूब कुणाच्या हातात दिसली, की त्यांची एक भिवई अशी चढे, जणू समोरच्याने त्यांच्या घराण्याचा पाणउतारा केला आहे. अज्ञानाला इतकी प्रसन्न मुद्रा लाभलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. गोदामांमधले हमाल दुपारच्या सुटीत त्यांच्या अंगणात येत. दिवसभर पोती वाहून त्यांच्या टाचा उन्हाळी शेतासारख्या फाटलेल्या असत. काका एकेकाचा पाय सरळ आपल्या मांडीवर घेत, अंगठ्याने मलम भेगेत दाबून बसवत, वरून जुन्या धोतराची पट्टी बांधत आणि मलमाची एक डबी हातात देत. पैसे घेत नसत. आठ दिवसांनी तो माणूस नीट चालत येई. धडधाकट माणसाच्या कातड्याला तेल आणि मेण मिळालं तर ते सांधतं, एवढीच त्यातली किमया, पण काकांच्या चेहऱ्यावर धन्वंतरीचं तेज चढे. मला त्या तेजाचा राग यायचा. एवढं पुण्य इतक्या स्वस्तात पदरात पडू नये असं वाटायचं.

आणि त्याच घरात विमलकाकू होती. ती चालली की फरशीवर खरखर आवाज होई. निजताना चादरीचे धागे तिच्या टाचांत अडकत. आम्ही लहानपणी त्या घरी मुक्कामाला असलो, की त्या खरखरीवरून काकू कोणत्या खोलीत आहे ते ओळखायचो. तिला कित्येक वर्षांपासून शुगर होती. सकाळची गोळी ती न चुकता घ्यायची. पण काकांच्या शास्त्रात या दोन गोष्टींची भेट कधी झालीच नाही. शुगर रक्तात असते आणि भेग कातड्यात, असं ते सांगत, आणि सांगताना ती तर्जनी अंगठ्याला टेकलेली असे.

गावभराच्या टाचा मांडीवर घेणारा हा माणूस बायकोच्या पायाला मात्र हात लावत नसे. आमच्याकडे नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावला तर पाप तिच्या माथी येतं. एकदा माझ्यासमोर काका डबी घेऊन वाकले होते. काकूने दोन्ही पाय चटकन पातळाच्या घेरात ओढून घेतले आणि हळू आवाजात म्हणाली, "तुमी नोका लावू हात. मले पाप लागन." काका लगेच सरळ झाले. त्यांना सुटल्यासारखं वाटलं, हे मी तेव्हाही त्यांच्या पाठीवरून ओळखलं. मग ते खुर्चीत बसून सांगत, आणि ती जमिनीवर बसून करी. गुडघे आखडलेले, अंग जड, त्यामुळे स्वतःचा तळवा तिला दिसतच नसे. ती बोटांनी चाचपून मलम थापायची आणि वर मोजा चढवायची.

एका हिवाळ्यात काकू म्हणाली, आता पाय दुखत नाहीत. त्या दिवशी काकांनी घरच्या ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकला. निसर्गाची शक्ती, पूर्वजांचं ज्ञान, डॉक्टरांची लूट, सगळं त्यात होतं. खाली नातेवाइकांचे जोडलेले हात एकामागून एक उगवत गेले. धरमपेठेत माझ्या सोफ्यावर बसून मी हसले, बाजूला बसलेल्या नवऱ्याला तो मजकूर नाटकी आवाजात वाचून दाखवला आणि एक अंगठा पाठवून दिला.

संक्रांतीच्या आठवड्यात मी तिळगूळ द्यायला गेले. दुपारचं ऊन दारातून आत आलं होतं. काकू खुर्चीच्या कडेला बसून मिठाच्या पाण्याच्या टबात पाय सोडून होती. वाफ तिच्या गुडघ्यांपर्यंत चढत होती आणि उन्हात सोनेरी दिसत होती. काका समोर बसून पाणी कसं कोमटच हवं यावर बोलत होते. पाण्यात हात घालून त्यांनी पाहिलं नव्हतं. तिचे पाय होते ना त्यात. मी नमस्काराला वाकले आणि तिच्या पायांना स्पर्श करायला टबात हात घातला. दुसऱ्याच क्षणी ओरडून हात बाहेर काढला. बोटं लालभडक झाली होती.

काकू शांतपणे माझ्याकडे पाहत होती. "काहून वं, काय झालं?"

तिला ते पाणी पोळतच नव्हतं. मी तिचा पाय ओढून बाहेर काढला आणि मांडीवर उलटा केला. टाचेतल्या भेगेत मेणाचं बूच बसलं होतं. बुचाभोवतीचं कातडं काळं पडलेलं, आणि राळेच्या दर्पाखाली दुसरा एक वास होता, जो इतके दिवस त्या दर्पाने झाकून ठेवला होता. त्या घटकेला काकांचा गळा धरावा असं मला वाटलं. मी रिक्षा बोलावली.

डॉक्टर तरुण होत्या आणि फार बोलणाऱ्या नव्हत्या. शुगरने पायाच्या नसा मेल्या, म्हणून दुखणं थांबलं, असं त्यांनी सांगितलं. दुखणं थांबलं तेव्हाच आणायला हवं होतं. जखम हाडापर्यंत गेली आहे, आता पाय राखता येणार नाही. मग त्यांनी विचारलं, घरात यांचे तळवे रोज कोण बघतं? काका भिंतीकडे पाहत म्हणाले, "पंचेचाळीस वर्सं झाली संसाराले. मी हिचे तळवे पाह्यलेच नाही."

घोट्याच्या वरून पाय काढला. काकूने सही करताना एकदाच विचारलं, की जोडवी काढून ठेवतील ना.

तेव्हापासून काकांनी पातेलं चुलीवर चढवलेलं नाही. हमाल आले तर त्यांना ते दवाखान्यात जा म्हणतात, आणि हमाल बुचकळ्यात पडून परत जातात. रोज सकाळी काका तिचा उरलेला पाय धुतात. पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवतात, बोटांच्या फटी कोरड्या करतात, चष्मा लावून तळवा उजेडाकडे वळवतात आणि पोथी वाचावी तसा वाचतात. काकू अजून म्हणते, पाप लागेल. ते म्हणतात, "लागू दे. मले लागन ते." हे दृश्य पाहून नातेवाइकांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्या येत नाही. उशिरा आलेल्या शहाणपणाचं कौतुक करणं मला जमत नाही, आणि मी काकांना माफही केलेलं नाही.

पण हल्ली हा तुच्छतेचा ओघ काकांवर थांबत नाही, पुढे माझ्याकडे येतो. मला ठाऊक होतं. शुगरवाल्या माणसाचे पाय जपावे लागतात, हे शिकलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. काकांना निदान ठाऊक नव्हतं. मी दर दसऱ्याला, दर दिवाळीला त्या पायांवर डोकं टेकवत आले. वरच्या बाजूला, हळदीकुंकवाच्या बोटांवर. पाय उलटा करून पाहावा असं एकदाही मनात आलं नाही. काकांची टवाळी करण्यात मला इतकी गोडी लागली होती, की काकूकडे बघायला सवडच उरली नव्हती. टवाळी करणाऱ्याला हात घाण करावे लागत नाहीत, हेच तिचं सुख.

परवा गेले तेव्हा काकू पलंगावर ऊन घेत पडली होती. माझ्याकडे पाहून काहीशी ओशाळत म्हणाली, "ती टाच लय खाजून राहिली वं." कोणती, ते मी विचारलं नाही. काका उठले, पलंगाच्या पायथ्याशी बसले आणि कुठे म्हणून विचारू लागले. तिने चादरीवरच्या सपाट जागेकडे बोट दाखवलं. त्यांनी आपला तळहात तिथे टेकवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. पाय होता तेव्हा तो तिला जाणवत नव्हता, आता नाही तर रोज जाणवतो. काळ जे उचलून नेतो ते स्मृती पुन्हा त्याच जागी आणून ठेवते, पण तोवर तिथे हात लावण्यासारखं काही राहिलेलं नसतं.